रांग मोजायची कशी? सेवा क्षेत्रातल्या ऑपरेशन्सवर (म्हणजे रोजच्या कामकाजाच्या रचनेवर) नव्याने संशोधन करणाऱ्यांसाठी

एमबीएचा प्रकल्प असो की पीएचडी, सेवा क्षेत्र निवडलेला विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच प्रश्नावली तयार करतो. गूगल फॉर्म ओळखीच्या ग्रुपवर फिरतो, दोन-अडीचशे उत्तरं जमतात, टक्केवारीचे तक्ते निघतात आणि निष्कर्ष येतो: ‘प्रतीक्षा कमी केल्यास ग्राहकांचे समाधान वाढेल.’ हे कळायला संशोधन लागत नाही. प्रतीक्षा नक्की किती आहे, ती कुठे तयार होते, कोणत्या बदलाने ती खरंच घटेल आणि कोणत्या बदलाने नुसती पुढच्या दारात सरकेल, हे कोणताही फॉर्म सांगत नाही. त्यासाठी जागेवर जाऊन घड्याळ लावावं लागतं. उंटावरून शेळ्या हाकून हा विषय येत नाही.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे, ते सरकारी रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीचं. ती आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिथे जे शिकायला मिळतं, ते एसटीच्या आरक्षण खिडकीला, बँकेच्या काउंटरला, सेतू केंद्राला आणि कॉल सेंटरलाही लागू पडतं. शिवाय त्या रांगेत उभा असलेला माणूस बऱ्याचदा दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. त्याचा एक तास वाचला, तर त्या संशोधनाचा कुणाला तरी खरा उपयोग झाला.

पहिली पायरी: विषयातून प्रश्न काढा

‘शासकीय रुग्णालयांतील सेवा गुणवत्तेचा अभ्यास, विशेष संदर्भ अमुक जिल्हा’ हा विषय झाला. यावर शंभर प्रबंध लिहिता येतील आणि एकालाही उत्तर सापडणार नाही. आता हे बघा: ‘सकाळचे पहिले दोन तास केसपेपरची दुसरी खिडकी उघडली, तर रुग्णाचा रुग्णालयातला एकूण वेळ कमी होतो, की खिडकीवरची गर्दी डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभी राहते?’ हा प्रश्न झाला. यात माणसांचा प्रवाह आहे, कुणीतरी घेऊ शकेल असा निर्णय आहे आणि मिनिटांत मोजता येईल असा परिणाम आहे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर प्रश्न पुन्हा लिहा.

असा प्रश्न घरी बसून सुचत नाही. दोन-तीन सकाळी नुसतं बघायला जा. काही मोजू नका, फक्त रुग्णाचा फाटकापासून औषधाच्या खिडकीपर्यंतचा मार्ग कागदावर काढा. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सेवेचा आराखडा काढण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात कागदाच्या मधोमध एक रेघ असते. रेघेच्या वर ग्राहकाला दिसणारी कामं लिहायची, खाली न दिसणारी. आपल्या उदाहरणात खिडकीवर नाव-वय सांगणं रेघेच्या वर येईल. प्रिंटरमध्ये कागद अडकणं, सर्व्हर मंद होणं, जुना केसपेपर कपाटातून शोधणं हे खाली येईल. नवख्याचं लक्ष वरच्या भागावरच जातं. घोडं कुठे पेंड खातंय, हे मात्र खालच्या भागात कळतं.

दुसरी पायरी: वाचन, पण ओळीने

या विषयाचा पाया टेलिफोनमध्ये आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये येणाऱ्या कॉलचं गणित मांडलं आणि रांगेच्या सिद्धांताची सुरुवात झाली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक अगदी साधा नियम सिद्ध केला: यंत्रणेत सरासरी जितकी माणसं असतात, ती येण्याचा सरासरी दर गुणिले प्रत्येकाने तिथे घालवलेला सरासरी वेळ इतकी असतात. रांगेत सरासरी २४ जण आणि मिनिटाला एक जण येतो-जातो, तर सरासरी प्रतीक्षा २४ मिनिटं. माणसं कशीही येवोत, क्लार्क कसाही काम करो, दीर्घकाळात जितके येतात तितकेच जात असतील तर हा नियम लागू होतो. पुढे तुमची आकडेवारी गोळा झाली की ती बरोबर आहे का, हे पडताळायला हाच नियम सगळ्यात जास्त कामी येईल.

त्यानंतर व्यवस्थापनाच्या बाजूचे तीन लेख वाचा. कारखान्याची शिस्त सेवेत आणता येते, असं थिओडोर लेव्हिट यांनी १९७२ मध्ये मांडलं. रिचर्ड चेस यांनी १९७८ मध्ये त्याला वेगळा कोन दिला. ग्राहक जितका वेळ यंत्रणेत प्रत्यक्ष हजर, तितकी ती आखीव ठेवणं कठीण, असं त्यांचं म्हणणं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेतल्या मनाकडे लक्ष वेधलं. रिकामा बसलेला वेळ मोठा वाटतो, किती थांबायचं हे माहीत नसेल तर आणखी मोठा वाटतो. आपला नंबर कधी येणार हेच न कळल्याने होणारी घालमेल ओपीडीत रोज दिसते.

आता अलीकडच्या संशोधनाकडे या, कारण तुमच्या प्रश्नाला जागा तिथे सापडेल. पाठ्यपुस्तक सांगतं की दोन खिडक्यांपुढे दोन रांगा लावण्यापेक्षा एकच सामाईक रांग चांगली. पण साँग, टकर आणि मरेल यांनी २०१५ मध्ये एका आपत्कालीन विभागाच्या अभ्यासात उलटं चित्र दाखवलं. प्रत्येक डॉक्टरला त्याचे रुग्ण आधीच नेमून दिले, तेव्हा प्रतीक्षा कमी झाली, कारण ‘हे माझे रुग्ण’ म्हटल्यावर डॉक्टर काम पुढे रेटतात. त्याआधी २००९ मध्ये केसी आणि टर्वीश यांनी रुग्णालयातल्याच आकडेवारीवरून दाखवलं की कामाचा भार वाढला की माणसं वेग वाढवतात, पण तो वेग टिकत नाही. सूत्रात सेवेचा सरासरी वेळ स्थिर धरलेला असतो, माणूस तसा स्थिर नसतो. सिद्धांत एक सांगतो आणि जागेवर दुसरं घडतं, तिथे थांबून ‘का?’ विचारणं यालाच संशोधनातली फट शोधणं म्हणतात. ‘या जिल्ह्यात हा अभ्यास आजवर कुणी केलेला नाही’ ही फट नव्हे.

हे लेख शोधायला गूगल स्कॉलर पुरेसं आहे. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर फुकट वाचता येतात. आपल्या विषयावरचे चार प्रबंध उघडून त्यांचं पद्धतीचं प्रकरण तेवढं वाचा. कुणी नेमकं काय मोजलं, हे लगेच कळतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा.

वाचताना एक पथ्य पाळा. जे सगळे म्हणतात ते मूळ ठिकाणी जाऊन तपासा. मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्सने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’ हे वाक्य कितीतरी प्रकल्पांत सापडेल. सिक्स सिग्मा म्हणजे कामातल्या चुका जवळपास शून्यावर आणण्याची पद्धत आणि फोर्ब्स हे नियतकालिक आहे. त्यात १९९८ मध्ये डबेवाल्यांवर लेख आला होता, पण गुणवत्तेची प्रमाणपत्रं देणं हे त्याचं काम नाही. डबेवाल्यांचं काम खरोखरच अभ्यासण्यासारखं आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी खुणांची पद्धत, लोकल गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेला दिवस, टोळीत राखीव ठेवलेली माणसं, हार्वर्डने २०१० मध्ये केलेली केस स्टडी. त्यांना खोट्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि तुमच्या प्रबंधालाही नसावी.

तिसरी पायरी: परवानगी

ग्रामीण रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठाता. पत्र विभागप्रमुखांच्या सहीने, विद्यापीठाच्या लेटरहेडवर आणि एका पानात बसणारं हवं. मधला परिच्छेद साधारण असा ठेवा:

‘आपल्या रुग्णालयातील केसपेपर खिडकीवरील रांगेचा अभ्यास करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. निरीक्षण सकाळी ७.३० ते दुपारी १ या वेळेत, सलग दोन आठवडे केले जाईल. कोणत्याही रुग्णाचे नाव, आजार वा मोबाइल क्रमांक नोंदवला जाणार नाही. कोणत्याही कर्मचाऱ्याची वैयक्तिक कामगिरी अहवालात दाखवली जाणार नाही. अभ्यासानंतर एक पानी निष्कर्ष आपणांस सादर केला जाईल.’

यातलं चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस दिसला की खिडकीतल्या क्लार्कला पहिली भीती वाटते ती चौकशीची, आणि ती रास्त आहे. पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोला, मोजणीचा कागद दाखवा, काय लिहिता ते त्यांना वाचू द्या. तुम्ही त्यांना मोजत नाही, रांगेला मोजता, हे तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. रुग्णांशी बोलणार असाल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मिळवून वाचा. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा हा वेळ वेळापत्रकात धरूनच चला.

चौथी पायरी: मोजणी

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून थोडं सविस्तर.

मोजण्याआधी व्याख्या लिहा. रांगेत कोण आहे? आपल्याकडे रांगेत पिशवी असते, चप्पल असते, फाईल असते आणि तिचा मालक झाडाखाली बसलेला असतो. एक बाई तिघांचे केसपेपर काढायला उभी असते. म्हातारे वडील बाकावर आणि मुलगा रांगेत असतो. यातला प्रत्येक प्रसंग तुमच्या मोजणीत एक, तीन की शून्य, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. मला सुचणारा नियम असा: वस्तू ठेवलेली जागा ही एक व्यक्ती धरावी, कारण तिची प्रतीक्षा खरी आहे, आणि वस्तू ठेवली ती वेळ तिच्या येण्याची वेळ मानावी. खिडकीवर मात्र माणसं न मोजता केसपेपर मोजावेत. तुम्ही वेगळा नियम केलात तरी चालेल, पण तो कागदावर हवा आणि दोन्ही आठवडे तोच हवा. अनेक रुग्णालयांत २०२२ पासून आभाचा (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा) क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून टोकन घेण्याची सोय आली आहे. तुमच्या ठिकाणी ती असेल, तर त्या माणसांचा प्रवाह वेगळ्या रकान्यात नोंदवा.

प्रत्येकामागे चार वेळा हव्यात: रांगेत आला, खिडकीशी पोहोचला, खिडकीवरून निघाला, डॉक्टरांच्या खोलीत गेला. एकट्याने हे होत नाही. सगळ्यात सोपी आहे चिठ्ठीची पद्धत. रांगेच्या शेवटी उभा असलेला साथीदार येणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक घातलेली चिठ्ठी देतो आणि त्यावर वेळ लिहितो. खिडकीजवळचा दुसरा साथीदार त्यावर दोन वेळा टाकतो, डॉक्टरांच्या दाराशी तिसरा ती परत घेतो. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. तिघांच्या मोबाइलचं घड्याळ सकाळी एकमेकांशी जुळवून घ्या आणि खिडकीवरच्या वेळा सेकंदांसकट लिहा. केसपेपरला जेमतेम मिनिट लागतं. तिथे मिनिटांत गोल केलेले आकडे काही सांगत नाहीत.

परत न आलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. काही हरवतात, पण काही रांग सोडून गेलेल्या माणसांच्या असतात. कंटाळून घरी गेलेला रुग्ण रुग्णालयाच्या नोंदवहीत कुठेच दिसत नाही, तो फक्त तुमच्या न आलेल्या चिठ्ठीत दिसतो. शक्य असेल तेव्हा निघून जाणाऱ्याची वेळ आणि तेव्हाची रांगेची लांबी टिपा.

दिवस निवडताना कॅलेंडर बघा. सोमवार वेगळा, सुट्टीनंतरचा दिवस वेगळा, आठवडी बाजाराचा दिवस तर पूर्ण वेगळा, कारण बाजाराला आलेली माणसं दवाखानाही उरकून घेतात. तापाच्या साथीत, पावसाळ्यात गर्दीचं रूपच बदलतं. म्हणून किमान दोन पूर्ण आठवडे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर कामाची चाल बदलते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२० च्या दशकात झालेल्या प्रयोगांवरून या परिणामाला नाव पडलं. क्लार्कना दोन-तीन दिवसांत तुमची सवय होते आणि चाल मूळ पदावर येते.

पाचवी पायरी: गणित

समजा, तासाला सरासरी ६० जण येतात, खिडकी एक आहे आणि एका केसपेपरला सरासरी ५४ सेकंद लागतात. म्हणजे क्लार्क तासातली ५४ मिनिटं कामात आहे, ६ मिनिटं मोकळा. वरवर पाहता सगळं आलबेल आहे. पण माणसं आपापल्या वेळेला येतात आणि कुणाचं काम लवकर उरकतं, कुणाचं लांबतं, हे धरून एरलांगच्या वाटेने गणित केलं तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा सुमारे ८ मिनिटं येते. आता ५४ सेकंदांचे ५७ झाले, समजा प्रिंटर जरा मंदावला, तर प्रतीक्षा १८ मिनिटांवर जाते. उलट ५४ चे ४८ केले तर ती जेमतेम ३ मिनिटांवर येते. तीन सेकंदांनी प्रतीक्षा दुपटीहून जास्त होते, सहा सेकंदांनी निम्म्याहून कमी. हा आकडा पहिल्यांदा स्वतः काढून बघाल, तेव्हा या विषयाची गोडी लागेल. सामाईक रांगेला दुसरी खिडकी दिली तर प्रतीक्षा १४ सेकंदांच्या आसपास उरते.

पण थांबा. हे सूत्र दीर्घकाळ एकाच गतीने चालणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. केसपेपरच्या खिडकीवर तसं होत नाही. खिडकी साडेआठला उघडते आणि साडेसातपासून माणसं उभी असतात. उघडताना ४० जण रांगेत असतील, तर चाळिसाव्याला खिडकी उघडल्यानंतरही ३५ मिनिटं थांबावं लागतं, मग मागून एकही माणूस न येवो. ही रांग क्लार्कच्या वेगाने तयार झालेली नाही, उघडण्याच्या वेळेने तयार झाली आहे. इथे सूत्रापेक्षा एक साधा आलेख जास्त सांगतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर माणसं. एक रेघ आतापर्यंत आलेल्यांची, दुसरी काम झालेल्यांची. दोन रेघांमधलं उभं अंतर म्हणजे त्या क्षणी रांगेत असलेली माणसं, आडवं अंतर म्हणजे त्या क्रमांकावर आलेल्या माणसाची प्रतीक्षा. दोन आठवड्यांचे असे आलेख शेजारी शेजारी लावा. खिडकी अर्धा तास आधी उघडण्याचा फायदा मोठा की दुसऱ्या खिडकीचा, हे त्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

आता पुढचं दार. डॉक्टर तीन आणि प्रत्येक रुग्णाला सरासरी ४ मिनिटं, म्हणजे तासाला ४५ रुग्ण. खिडकीतून तासाला ६० सुटतात. मग खिडकीचा वेग कितीही वाढवा, रुग्ण घरी लवकर जाणार नाही, फक्त उभं राहण्याची जागा बदलेल. पहिल्या पायरीतल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं, आणि म्हणूनच चौथी वेळ, डॉक्टरांच्या खोलीत जाण्याची, मोजणं गरजेचं होतं.

‘असं केलं तर काय होईल’ हे तपासायला सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर रांगेची नक्कल करा. पायथॉन या संगणकीय भाषेतलं सिमपाय आणि आर या भाषेतलं सिमर ही दोन्ही साधनं फुकट आहेत. आधी आजची परिस्थिती मॉडेलमध्ये उभी करा. तिच्यातली प्रतीक्षा तुमच्या चिठ्ठ्यांवरच्या प्रतीक्षेशी जुळली, तरच पुढचे बदल तपासा. न जुळणाऱ्या मॉडेलवर केलेल्या शिफारशी कुणाला देऊ नका.

संख्याशास्त्राच्या दोन गोष्टी परीक्षक हमखास विचारतात. प्रतीक्षेचे आकडे एका बाजूला लांब शेपटीसारखे पसरतात, म्हणून सरासरीबरोबर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि ‘दहातल्या नऊ जणांना इतक्या मिनिटांच्या आत’ हा आकडाही द्या. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांच्या प्रतीक्षा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, एकाला उशीर झाला की मागच्या सगळ्यांना होतो. दोन हजार चिठ्ठ्या म्हणजे दोन हजार स्वतंत्र नमुने धरून टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक खरा का, हे तपासणारी) लावली, तर नसलेला फरकही ठळक दिसतो. तुलना करताना दिवस हे एकक धरा.

सहावी पायरी: आता प्रश्नावली

मिनिटं हातात आली की माणसांना काय वाटलं, हे विचारण्याला अर्थ येतो. परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेली सर्व्हक्वाल ही मोजपट्टी सगळ्यांना माहीत असते: २२ विधानं, पाच अंगं, अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये आक्षेप घेतला की अपेक्षा विचारायचीच कशाला, अनुभव पुरे. ओपीडीच्या बाबतीत मला क्रोनिन-टेलर यांचं पटतं. तीन तास थांबलेल्या माणसाला ‘तुमची काय अपेक्षा होती’ हे सातपैकी गुणांत सांगायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे.

विधानं मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही ताडून पाहावीत. नंतर ती पाच-सहा रुग्णांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘सेवेची तत्परता’ म्हटल्यावर समोरचा गप्प झाला, तर ‘तुमचं काम लगेच केलं का?’ असं विचारा. रुग्णालयाच्या आवारात, हातात फाईल घेतलेल्या माणसाने विचारलं की ‘चांगलंच आहे हो सगळं’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून फाटकाबाहेर विचारा, आणि पहिला प्रश्न असा ठेवा: ‘आज किती वेळ थांबावं लागलं असं वाटतं?’ चिठ्ठीचा क्रमांक जोडलेला असेल, तर वाटलेला वेळ आणि खरा वेळ तुमच्याकडे शेजारी शेजारी असतील. या दोन रकान्यांतला फरक कशाने वाढतो, बसायला जागा नसण्याने, मध्येच कुणी घुसण्याने की नंबर न कळण्याने, यावर मराठी मुलखात करण्यासारखं भरपूर काम शिल्लक आहे.

सातवी पायरी: लिहिणं आणि पाठवणं

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती गेली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय, ते मात्र विचारून घ्या. यूजीसी-केअर ही नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमची आणि मार्गदर्शकांची. चार दिवसांत स्वीकृती आणि पाठोपाठ शुल्काची मागणी, असं दिसलं की दूर राहा. ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाचं ‘ऑपसर्च’, ‘जर्नल ऑफ सर्व्हिस रिसर्च’, ‘प्रॉडक्शन अँड ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ यांचे अलीकडचे अंक चाळा. तुम्ही ज्यांचे लेख सगळ्यात जास्त वापरलेत, ते जिथे छापतात तिथे तुमचा वाचक आहे.

आणि अधीक्षकांना कबूल केलेलं ते एक पान, शोधनिबंधाची वाट न बघता, मोजणी संपल्यापासून महिन्याच्या आत द्या. मराठीत, सूत्रांशिवाय. वर दोन रेघांचा आलेख. खाली तीन आकडे: निम्म्या रुग्णांना किती मिनिटं लागली, दहातल्या नऊ जणांना किती, किती जण रांग सोडून गेले. त्याखाली विनाखर्च करता येईल असा एक बदल आणि त्याने किती मिनिटं वाचतील याचा अंदाज. त्याची एक प्रत खिडकीतल्या क्लार्कनाही द्या.